नाबी ओबाची मिरवणूक

शिक्षक निवास, लष्करी तळ, ओकिनावा
१८ सप्टेंबर १९९९

फुमीबाई,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही म्हणून मी रागावले होते. आता कळलं, की ते मी इथल्या अमेरिकी टपालपेटीत टाकलं, म्हणजे ते आधी सॅन फ्रान्सिस्कोला गेलं आणि तिथून परत तुमच्या गावी यायचं आहे. तुमच्या घराचं छप्पर मला माझ्या ओट्यापाशी उभं राहून दिसतं. यापुढे टपालाच्या नादी लागणार नाही. हे पत्र तुमचा भाचा मोरियासु आणून देईल. तो आमच्या शाळेमागचं गवत कापायला येतो आणि त्याच्याकडे फाटकाचा पास आहे. फोन करत नाही, कारण तो तुमच्या सासूबाईंच्या, अख्खं गाव ज्यांना ओबा म्हणजे आजी म्हणतं त्यांच्या, उशाशी असतो आणि मला जे बोलायचंय ते नाबी ओबांनी ऐकावं असं नाही.

पहिलं. मंगळवारी पहाटे इथल्या एका सैनिकाने दारूच्या नशेत मोटार तुमच्या पायवाटेवर चढवली, वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मियारा त्सुनेकोंना उडवलं आणि न थांबता निघून गेला. त्या कशा आहेत ते कळवा. बाकी पत्र वाचलं नाहीत तरी हे कळवा.

दुसरं. काल आदेश निघाला. सैनिकांपुरता असता तर मी वाचून बाजूला ठेवला असता. पण तो शिक्षकांना, कचेरीतल्या नोकरांना, सैनिकांच्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना, सगळ्यांनाच लागू आहे. दवाखाना आणि प्रार्थना सोडून कुणीही कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, पुढची सूचना येईपर्यंत. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. दारूला शिवत नाही. अंधार पडला की गाडी काढत नाही. शाळेच्या ग्रंथपालाला कोंडून ठेवल्याने तुमचे रस्ते किती सुरक्षित झाले, ते गावाने मला जरूर कळवावं.

तिसरं, आणि खरं. पंधरा ऑक्टोबरला ओबांची मिरवणूक आहे. सत्त्याण्णवाव्या वर्षी माणूस पुन्हा मूल होतं, म्हणून त्याच्या हातात भिरभिरं देऊन सात चौकांतून फिरवायचं, ही तुमची रीत मला पटलेली आहे. ओबांनी त्यासाठी माझी गाडी निवडली, कारण तिचं छप्पर उघडता येतं आणि वाऱ्याने भिरभिरं आपोआप फिरेल. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीत ट्रकवरच्या आजोबांचं भिरभिरं एकाही चौकात फिरलं नाही आणि सगळे दुसरीकडे बघत टाळ्या वाजवत होते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी ते स्वतः पाहिलं असं मला वाटायला लागलंय. मी त्यांना शब्द दिला आहे. जूनमध्ये मी निवृत्त होऊन नेब्रास्काला जाणार. दुसरी संधी त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

काय करायचं ते सांगा.

आयडेला क्राउस

*

२० सप्टेंबर

आयडेलाबाई,

त्सुनेकोच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आहे, बोलते. वर्तमानपत्रं सध्या तिचा नवरा टाकतो, चुकीच्या घरी.

आदेशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मला तो योग्य वाटतो. तुम्ही सैनिक नाही हे मला माहीत आहे. पण गावात लोक आधी गाडीची पाटी बघतात. तळावरच्या सगळ्या गाड्यांच्या पाटीवर एकच अक्षर असतं. त्या सैनिकाच्या गाडीवर तेच, तुमच्या गाडीवरही तेच. सध्या तशी पाटी दिसली की लोक आधी भिंतीला चिकटतात आणि मग आत ग्रंथपाल आहे का ते बघतात.

तुम्ही तळाचं घर घेता, तळाचा डॉक्टर घेता, तळाच्या दुकानातलं स्वस्त लोणी घेता. तळाचा आदेश तेवढा नको, असं कसं चालेल?

शिवाय मे महिन्यात तुम्हीच माझ्या घरी जेवता जेवता सांगत होता, की कुणीतरी इतिहासाच्या पुस्तकात राष्ट्राध्यक्षांना मिशा काढल्या म्हणून तुम्ही अख्ख्या पाचवीची चित्रकथांची पुस्तकं बंद केलीत. मोठ्या अभिमानाने सांगत होता. सूप गार झालं तरी थांबला नाहीत. पाचवीतल्या सगळ्यांनी मिशा काढल्या होत्या का?

ओबाला आदेशाचं सांगितलं.

"आयडेलाला कोंडलं? काय केलं तिने?"

"तिने नाही. दुसऱ्याने."

"मग त्या दुसऱ्याला कोंडा की."

"त्यालाही कोंडलंय."

"मग हिला कशाला?"

मी म्हटलं, जेवा.

आज संध्याकाळी गावसभा आहे. चिटणीस म्हणून मला जावं लागतं. विषय नेहमीचेच.

फुमी तामायोसे

*

२४ सप्टेंबर

फुमीबाई,

त्सुनेकोंसाठी मोरियासुच्या हाती फळांचे डबे पाठवते आहे. माझं नाव सांगायची गरज नाही.

आता तुमच्या पत्राबद्दल. लोणी मी पैसे देऊन घेते. त्याच्यासोबत दुसऱ्याचा अपराध फुकट मिळतो, असं दुकानात कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही अकरा वर्षांपूर्वी तुमच्या वर्गाला घेऊन आमच्या शाळेत आलात, तेव्हापासून मी दर गुरुवारी तुमच्या घरी जेवते आहे. इतक्या दिवसांत माझ्या गाडीने एकदा तुमची कुंडी फोडली. तिच्या जागी मी नवी आणून दिली.

माझ्या शेजारी एका मिस्त्रीची बायको राहते. बाळंतपण झाल्यापासून ती रोज सकाळी समुद्रावर चालायला जायची, डॉक्टरने सांगितलं म्हणून. आता मूल कडेवर घेऊन क्रीडांगणाला फेऱ्या मारते. नवरा दिवसभर तळातच कामाला असतो, त्याच्या आयुष्यात काहीच बदललेलं नाही. आणि ज्याने गाडी चालवली तो तर कोठडीत आहे. त्याला हा आदेश कुणी वाचूनही दाखवला नसेल. म्हणजे ज्याने केलं तो सोडून बाकी सगळ्यांना ही शिक्षा झाली. यात योग्य काय आहे, ते मला शाळेतल्या पोरांना समजावतात तसं समजावून सांगा.

पाचवीचा या गोष्टीशी काही संबंध नाही. चित्रकथा परवा परत दिल्या. तुमच्यामुळे नव्हे. कपाटाला वाळवी लागत होती.

एक सुचवायचं होतं. ओबांचा जन्म १९०३ चा. आमच्या हिशोबाने त्यांना आता शहाण्णव पूर्ण आहेत, सत्त्याण्णव नाहीत. मिरवणूक पुढच्या वर्षी काढली तर नियमातही बसेल आणि तोवर आदेशही उठलेला असेल. मी त्यासाठी नेब्रास्काहून येईन.

तोपर्यंत दुसरा मार्गही चालू ठेवला आहे. प्रार्थनेसाठी सूट मिळते, म्हणून अर्ज केला. खिडकीतल्या पोराने विचारलं, "बाई, हा कोणता धर्म?"

मी म्हटलं, "वाढदिवस."

"असा धर्म यादीत नाही."

"मग यादी अपुरी आहे."

अर्ज परत आला. पुन्हा केला आहे.

आयडेला

*

२८ सप्टेंबर

आयडेलाबाई,

आमच्याकडे मूल जन्मतं तेव्हा ते एक वर्षाचं असतं. पोटातले महिने त्याने काही फुकट काढलेले नसतात. ओबाचं एक वर्ष कमी करायची तुमची सूचना मी तिला सांगितली नाही, कारण तिला रात्री झोप लागायला हवी. सत्त्याण्णवाव्या वर्षी मिरवणूक पुढे ढकलत नाहीत. ओबाच्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याची ढकलली होती, वादळामुळे. त्याची पुढे ढकललेली मिरवणूक फार शांत झाली. भिरभिरं नव्हतं, फुलं होती.

आदेशाबद्दल वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. पण एवढं सांगते. जिथे तुमची शाळा आहे तिथे ओबाचं रताळ्याचं शेत होतं. तिने तरी कुणाचं काय केलं होतं? तेव्हाही एक आदेश निघाला होता आणि तो सगळ्यांना सारखा लागू होता. ओबा त्यावर बोलत नाही, म्हणून मीही जास्त लिहीत नाही.

अर्जाच्या मागे लागू नका. मिरवणुकीसाठी मोरियासुचा ट्रक ठरवला आहे. त्याला रंगीत कापड लावू. ट्रक हळू चालतो, पण चालतो. तुम्ही उगाच खेटे घालू नका, गरज नाही.

फुमी

*

५ ऑक्टोबर

फुमीबाई,

मिळाली! सूट मिळाली!

तुम्ही मला त्रास नको म्हणून ट्रकचं लिहिलंत, ते मला कळलं. तुमच्यासारख्या बाईने माझी एवढी काळजी करावी याने मी क्षणभर गहिवरले. मग पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिले.

खिडकीतल्या पोराने शेवटी मला पाद्र्यांकडे पाठवलं. ते म्हणाले तर ते धार्मिक, नाही तर नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. सात चौक, भिरभिरं, पुन्हा मूल होणं, रस्त्यात उभ्या असलेल्या लोकांनी ओबांचा हात धरून थोडं आयुष्य मागून घेणं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "क्राउसबाई, खरं सांगू? हल्ली मला बाहेर पडणारी कुठलीही गोष्ट धार्मिक वाटते." आणि सही केली. मग त्यांनी विचारलं, गाडीत आणखी एक जागा आहे का. मी नाही म्हटलं. ती जागा ओबांच्या किमोनोच्या पसाऱ्याला लागेल.

पंधरा तारखेला सकाळी नऊ ते दुपारी दोन. गाडी, चालक आणि एक केक. गाडी काल धुतली, आज पुन्हा धुतली. मोरियासुला सांगा, त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याचा ट्रक मागून येऊ दे.

ओबांना आजच सांगा.

आयडेला

*

६ ऑक्टोबर

आयडेलाबाई,

ओबाला सांगितलं नाही.

तुम्ही एवढे खेटे घालाल असं मला वाटलं नव्हतं. चूक माझी. अकरा वर्षांत तुम्ही एकही गोष्ट अर्धी सोडलेली मी पाहिली नाही.

वीस सप्टेंबरच्या गावसभेत ठराव झाला. तळावरचं कुणीही, मग ते सैनिक असो, नोकर असो, बाई असो की मूल, गावाच्या कोणत्याही कार्यक्रमाला येणार नाही. बोलावलेलं असलं तरीही. तळाची पाटी असलेली गाडी मिरवणुकीच्या रस्त्यावर येणार नाही. अध्यक्ष आसातोंनी मांडला, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मग मी तो वहीत लिहून काढला, स्वच्छ अक्षरात. गावाच्या फलकावर लागलेली प्रतही माझ्याच हातची आहे.

हात वर करताना तुमचा विचार मनात आला नाही, असं नाही. आला होता. मला वाटलं, तसंही यांना बाहेर पडता येणार नाही, मग ठराव झाला काय आणि न झाला काय. तुमच्या साहेबाचा आदेश मला सोयीचा होता. त्याच्या आड मला लपता आलं.

तेव्हा येऊ नका. फाटकावरून तुम्हाला सोडतील, पण आमच्या पहिल्या चौकात गाडी अडवतील, आणि ओबा गाडीत असेल.

फुमी

*

७ ऑक्टोबर

तामायोसेबाई,

पत्र मिळालं. ठराव पाळीन.

तुमचा सुपाचा वाडगा माझ्याकडे राहिला होता. मोरियासुच्या हाती पाठवते आहे. टवका आधीचाच आहे.

आ. क्राउस

*

११ ऑक्टोबर

आयडेलाबाई,

वाडगा मिळाला. फुटलेल्या कुंडीच्या जागी तुम्ही आणलेली कुंडी मी परत करणार नाही. तिच्यात मिरची लावलेली आहे.

काल दवाखान्यात गेले. त्सुनेकोचा पाय वजन लावून टांगलेला आहे. तुमचे फळांचे डबे तिथे उघडलेले दिसले. कुणी दिले ते तिने मला विचारलं नाही, कारण डब्यांवरची अक्षरं तिलाही वाचता येतात.

मी तिला म्हटलं, गावाने तुझ्यासाठी ठराव केला आहे. ती म्हणाली, "माझ्यासाठी? मला विचारलंत?"

मी म्हटलं, तू इथे होतीस.

"इथेच होते. पाय टांगलाय, तोंड नाही."

मग मी तुमच्याबद्दल सांगितलं. गाडी, सूट, भिरभिरं, सगळं. तिने डोळे मिटून ऐकलं. नंतर म्हणाली, "हे बघा फुमीबाई. त्या ग्रंथपालबाईंना तुम्ही बोलवा नाहीतर नका बोलवू, माझं नाव मध्ये आणू नका. मी कुणाला माफबिफ केलेलं नाही, तसं गावात सांगत फिरू नका. मला राग कसला येतोय माहितीये? रोज इथे चार माणसं भेटायला येतात. तळावरचे असे, तळावरचे तसे. साहेबाने सगळ्यांना कोंडलं, बरं झालं. आपण सगळ्यांना बंदी केली, बरं झालं. मला उडवलं ते एका पोराने. त्याचं पुढे काय झालं, हे एकही माणूस बोलत नाही. तो त्या सगळ्यांमध्ये कुठेतरी हरवलाय."

मी घरी येईपर्यंत हेच डोक्यात होतं. रात्री आसातोंनी बोलावलेल्या बैठकीत ठराव मागे घ्यायचं मी मांडलं. आसातो म्हणाले, "फुमीबाई, एकाला सूट दिली की दुसरा मागणार. नियम सगळ्यांना सारखाच हवा." हात फक्त माझा आणि मोरियासुचा वर गेला. मोरियासुने आसातोंकडे बघितलं आणि कान खाजवला.

तेव्हा तुम्ही येऊ शकत नाही, हे कायम आहे. ओबाला आता सगळं माहीत आहे. तिने मला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. एक, तुमच्या कुंपणाला लागून आतल्या बाजूने जो रस्ता जातो, त्यावर गाडी चालवायला तुम्हाला बंदी आहे का. दोन, आमच्या पाचव्या आणि सहाव्या चौकाच्या मधला रस्ता कुंपणाच्या बाहेरून अगदी त्याच्या शेजारून जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे का.

मी फक्त निरोप पोहोचवते आहे. सुचवत काही नाही. मी गावाची चिटणीस आहे.

सोबत एक भिरभिरं आहे. पाहुण्यांना द्यायचं असतं. तुम्ही पाहुण्या नाही, पण एक जास्तीचं झालं होतं.

फुमी

*

१३ ऑक्टोबर

फुमीबाई,

ओबांना सांगा: एक, नाही. दोन, हो.

त्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी वीस मैल आहे. वेग कमीत कमी किती असावा, याबद्दल फलकावर काही लिहिलेलं नाही. मीही सुचवत काही नाही. पंधरा तारखेला अर्धी रजा टाकली आहे. मला फिरायला जायचं आहे.

भिरभिरं समोरच्या काचेला बांधलं.

आयडेला

*

१६ ऑक्टोबर

फुमीबाई,

तुमच्या बाजूने काय झालं ते तुम्ही लिहालच. माझ्या बाजूने जे झालं ते हे असं.

मी दहा वाजल्यापासून कुंपणाच्या कोपऱ्यावर छप्पर उघडून थांबले होते. आधी ढोल ऐकू आले, मग नाचणाऱ्या बायका दिसल्या, मग मोरियासुचा ट्रक. इतक्या रंगीत कापडांत गुंडाळलेला ट्रक मी कधी पाहिला नव्हता. आणि त्यावर खुर्चीत ओबा. लाल किमोनो, डोक्यावर फुलं, हातात भिरभिरं. मला वाटलं होतं, जाळीतून त्या मला दिसतील, मी हात हलवीन आणि घरी जाईन. पण ट्रक माझ्या शेजारी आला तसा माझा पाय आपोआप ब्रेकवरून उचलला गेला. आम्ही शेजारी शेजारी निघालो, मध्ये जाळी. मी इतकी हळू चालवत होते की एक मांजर माझ्या पुढून रस्ता ओलांडून थांबलं आणि अंग चाटायला बसलं. मी त्याची वाट पाहिली.

ओबांनी मला पाहिलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी भिरभिरं माझ्या दिशेने धरून दाखवलं. ते फिरत नव्हतं. दुकानात खराब वस्तू परत करायला आल्यासारखं त्यांनी ते धरलं होतं.

मी काय करणार होते? मी वेग थोडासा वाढवला. त्यांना दिसावं एवढ्याचसाठी. माझ्या काचेवरचं भिरभिरं फिरायला लागलं. ओबांनी ते पाहिलं, मग स्वतःच्या हातातलं पाहिलं, आणि ट्रकच्या टपावर हात आपटून काहीतरी ओरडल्या. मला ऐकू आलं नाही. पण ट्रक उसळला. मग मीही.

त्यानंतर बराच वेळ मी फक्त उजवीकडे बघत होते. त्यांचं भिरभिरं इतकं फिरत होतं की त्याला पाकळ्या आहेत हे दिसत नव्हतं, नुसता रंग दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं होतं. दात नसलेलं इतकं मोठं हसू मी आजवर फक्त तान्ह्या मुलांचं पाहिलं आहे.

रस्ता जिथे वळतो तिथे मला लष्करी पोलिसाने थांबवलं. तो माझ्याच शाळेतून बाहेर पडलेला निघाला. त्याने एकाच पावतीवर दोन गुन्हे लिहिले: रस्ता अडेल इतकी सावकाश गाडी चालवणं, आणि वेगमर्यादा ओलांडणं. मी विचारलं, दोन्ही कसे? तो म्हणाला, "बाई, मी सगळा वेळ मागेच होतो." पावतीवर माझं नाव, माझा गाडी क्रमांक, माझी सही आहे. मी केलं, शिक्षाही मलाच झाली. महिनाभरात एवढं समाधान मला कशानेच मिळालं नव्हतं.

ओबा ठीक आहेत ना?

आयडेला

*

१८ ऑक्टोबर

आयडेलाबाई,

ओबा ठीक आहे. त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला. भिरभिरं उशाशी फोनवर ठेवलं आहे, त्यामुळे आता फोन उचलता येत नाही.

ओबा टपावर हात आपटून काय म्हणाली ते मी ऐकलं, मी मागेच चालत होते. ती म्हणाली, "मोरियासु, गवत कापतोयस का?" त्यानंतर मी मागे चालत नव्हते, मागे धावत होते. सगळेच धावत होते. नाचणाऱ्या बायका बाजूला होऊन मागेच राहिल्या. ढोलवाले मध्ये कुठेतरी गळाले. आसातो अध्यक्षांच्या सपाता रस्त्यातच राहिल्या आणि ते पायमोज्यांवर सहाव्या चौकात पोहोचले, तेव्हा ओबा तिथे एकटी बसून लोकांची वाट बघत होती. लोकांना रांगेत उभं करून तिने हात दिला. आसातोंनीही हात धरून थोडं आयुष्य मागून घेतलं. त्यांना त्या वेळी त्याची गरज होती.

काल गावसभा झाली. आसातोंनी नवा ठराव मांडला: परवा ट्रकमुळे मिरवणुकीची शिस्त मोडली, म्हणून यापुढे गावाच्या कोणत्याही मिरवणुकीत कोणताही ट्रक येणार नाही. मला म्हणाले, "लिहा, फुमीबाई."

मी लिहिलं नाही. मी म्हटलं, "ट्रक कुणी चालवला?"

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"मग नाव सांगा, म्हणजे लिहिते."

"अहो, आपल्याच माणसाचं नाव कशाला? सगळ्या ट्रकांना बंदी म्हटलं की झालं. कुणाला लागत नाही."

मागून उसाचे ट्रक चालवणारा नाकामा ओरडला, "मला लागतं! पुढच्या वर्षी माझ्या आईची मिरवणूक आहे! मी काय केलंय?"

"काही नाही केलंस," आसातो म्हणाले. "पण नियम सारखा हवा."

"नाव," मी म्हटलं.

शेवटी मोरियासुच उठला. "कोचिंदा मोरियासु. लिहा, मामी." मी लिहिलं. कोचिंदा मोरियासुने एक वर्ष मिरवणुकीत वाहन चालवायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले, मोरियासुनेही. मीही. घरी आल्यावर ओबा माझ्याशी बोलली नाही, पण ठराव बरोबर आहे.

मग मी वहीची पानं मागे उलटली आणि वीस सप्टेंबरचा ठराव मोठ्याने वाचला. म्हटलं, आता हाही नीट लिहू. ज्याने त्सुनेकोला उडवलं त्याला गावात कायमची बंदी, आणि बाकीच्या सगळ्यांना त्यातून वगळू. आसातोंनी स्वतःच्या पायमोज्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. लिहा. नाव काय त्याचं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. आयडेलाबाई, त्या खोलीत कुणालाच ते माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात "एक सैनिक" एवढंच आलं होतं. त्सुनेकोच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. महिनाभर आम्ही तळावरच्या झाडून सगळ्यांना बाहेर ठेवलं, तुमच्या साहेबाने झाडून सगळ्यांना आत ठेवलं, आणि त्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

वहीत मी जागा मोकळी सोडली आहे. तुमच्याकडे कुणाला माहीत असेल तर मोरियासुच्या हाती कळवा. तुम्ही खिडकीशी पुन्हा पुन्हा जाऊन उभ्या राहू शकता, हे मी पाहिलेलं आहे.

फुमी